चिंचेनं घासलेल्या तीस पट्ट्या

तांबं लेसरला दाद देत न्हाय. हे मी एवढ्या जणांना एवढ्या वेळा सांगितलंय की आता मी नुसतं "तांबं" म्हटलं तरी आई लूमवरून मान न वळवता पुढचं सगळं म्हणून दाखवती. उजेड परत फेकतं, उष्णता पळवून नेतं, आणि एकदा वितळलं की भोकच पाडतं. आईनं लेसर बघितलाय एकदाच, तो पण दारातनं, पण हे तिन्ही तिला पाठ हाईत. तरी मी परत सांगणार, कारण गेल्या दसऱ्याला जे झालं ते ह्याच्याशिवाय कळायचं न्हाय, आणि मला ते कधीपासून कुणालातरी नीट सांगायचंय.

मी बेळगावजवळ पिरनवाडीत एका शेडमध्ये काम करते. वर पत्रा, खाली कोबा, आत दोन लेथ, एक ड्रिल, आणि मागच्या कोपऱ्यात गॅसच्या टाक्या. सगळी मिळून आम्ही आठ माणसं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. राहतात टिळकवाडीत, पण सकाळी कुलूप काढायला सगळ्यांच्या आधी तेच असतात. कोपऱ्यातल्या टाक्या आप्पांच्या. आप्पा म्हणजे आमचे ब्रेझिंगचे मिस्त्री. तांब्याचे दोन तुकडे गॅसच्या ज्वाळेनं लाल करायचे, मधल्या फटीत जोडाच्या धातूची काडी वितळवून सोडायची, आणि ते थंड झाले की ओढून सुटत न्हाईत, हे त्यांचं काम. माझ्या जन्माच्या आधीपासून करतात. आता डोळ्याला कमी दिसतं, पण काडी कुठं टेकवायची ते हाताला ठाऊक हाय.

माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा. घर वडगावात, घरात दोन पॉवरलूम, साड्यांचे. वर्गात आम्ही पोरी चारच, त्यातल्या तिघी पुण्याला गेल्या. पोरं तर सगळीच गेली. मी शेडवर सहा महिन्यांसाठी ट्रेनी म्हणून लागलते आणि ते सहा महिने संपत आलते. तेवढ्यात मला पण चाकणच्या एका कंपनीचं पत्र आलं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी येणार का न्हाय ते कळवायचं होतं. आईनं माळ्यावरची बॅग काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि पलंगाखाली ठेवली.  पण मला जायचं नव्हतं. पुणं वाईट म्हणून न्हाय. मला शेडवर नुकतंच आलेलं ते मशीन चालवायचं होतं.

मशीन आमचं नव्हतंच, डीलरकडनं पंधरा दिवस ट्रायलला आलतं. छोट्या कपाटाएवढं, खाली चाकं, त्यातनं निघालेली एक जाड काळी केबल आणि केबलच्या टोकाला गन. केबलच्या आत केसाएवढी काचेची तार असते, लेसर त्यातनं येतो. पहिल्या दिवशी डीलरच्या माणसानं स्टीलचे दोन पत्रे जोडून दाखवले तेव्हा मी तोंडावर हात ठेवून उभी. शिलाई मशीननं टीप मारावी तशी सरळ रेघ! सगळे वाकून बघायला लागले. अण्णा मात्र हाताची घडी घालून उभे होते. सगळं झाल्यावर मला म्हणाले, "स्टील तर आपलं साधं वेल्डिंग पण जोडतंय. ह्याच्यावर तांबं जोडून दाखीव. जोडलंस तर मशीन ठेवतो आणि त्याच्यावर तुला कायमची ठेवतो. न्हाय जोडलं तर मशीन परत, आणि तू बिनघोर पुण्याला जा."

तांबंच का, तर निपाणीच्या एका बॅटरीवाल्यांमुळं. ते ई-रिक्षाच्या बॅटऱ्या बनवतात. बॅटरीच्या आत तांब्याची एक जाड पट्टी असते आणि तिला कागदासारख्या पातळ पट्ट्या जोडाव्या लागतात. ज्वाळ लावली तर पातळ पट्टी वेडीवाकडी होते, म्हणून त्यांना लेसर पाहिजे होता. त्यांनी तीस जोड्यांचा माल, तीस जाड आणि तीस पातळ पट्ट्या, पाठवला आणि सांगितलं, जोडून आणा, आम्ही ओढून बघतो. टिकलं तर काम तुमचं.

म्हणजे माझी सगळी गाडी त्या तीस पातळ पट्ट्यांवर येऊन थांबलती.

आता तांब्याचं. तांबं लालसर दिसतं म्हणजे काय, तर ते निळा आणि हिरवा उजेड थोडा गिळतं आणि लाल परत पाठवतं. आमच्या मशीनचा उजेड लालच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा, आणि तो तर तांबं जवळजवळ सगळाच परत फेकतं. मला हे कळलं त्या दिवशी घरी जाऊन मी देवघरातल्या कलशाकडं दहा मिनिटं बघत बसलते. आई म्हणाली, भक्ती वाढली वाटतं. म्हणून तर आता निळे आणि हिरवे लेसर निघालेत, जे तांबं लगेच गिळतं. मी त्यांचे व्हिडिओ एवढे बघितले की मोबाईल मला दुसरं काही दाखवायचाच बंद झाला. पण ती मशिनं आमच्यासारख्या शेडसाठी न्हाईत. आमच्या मशीनवर तांबं जोडायचं तर त्याची समजूत काढावी लागते.

पहिले दोन दिवस पट्टीवर नुसता एक ठिपका उमटायचा. पॉवर वाढवली की थेट भोक. मधलं काही न्हायच. कारण काय, तांबं थंड असतंय तोवर काही घेत न्हाय, आणि वितळलं की एकदम सगळंच घ्यायला लागतं. पाव्हणं कसं आधी नको नको म्हणतंय, आणि एकदा ताटावर बसलं की भाकरी पुरत न्हाईत, तसं. मग मी एक एक करत शिकले. सुरवातीला डोळ्याची पापणी लवायच्या आत एक जोराचा दणका, आणि लगेच पॉवर खाली. गनच्या आत एक आरसा हलतो, तो हलवून लेसर सरळ रेघेत न नेता बारीक बारीक गोल काढत न्यायचा, म्हणजे एका जागी ताप साठत न्हाय. वरनं आर्गॉन गॅस सोडायचा, म्हणजे हवा लागत न्हाय. आणि गन हातात धरली की माझा हात थरथरतोय हे कळल्यावर मी ती ड्रिलच्या जुन्या स्लाइडवर बसवली. सरळ उभी बसवली, कारण तशी बसवायला सोपी. डीलरच्या माणसानं सांगितलतं की तांब्यावर गन थोडी तिरकी धरा. मी धरली न्हाय. दहा दिवस काही झालं न्हाय म्हणून मी ते विसरूनच गेले.

ह्या दहा दिवसांत आप्पा लांबनंच बघायचे. एकदा चहा पिताना म्हणाले, "ज्वाळ न्हाय, धूर न्हाय, मग काम हुतंय कुठं?" सगळे हसले, मी पण हसले. पण दुसऱ्या दिवशी न मागता त्यांनी मला एक वस्तू आणून दिली. करवतीच्या जुन्या पात्याचे चार तुकडे, वाकवून बोटासारखे केलेले, खाली नट-बोल्ट. पातळ पट्टी जाड पट्टीला घट्ट दाबून धरायला. मधे केसाएवढी फट राहिली तरी जोड कच्चा पडायचा, आणि ही माझी अडचण त्यांनी लांबनंच बघून ओळखलती. ती बोटं लावली आणि त्याच दुपारी माझा पहिला जोड असा बसला की मी पक्कड लावून ओढलं तर पट्टी फाटली, जोड तसाच. मी उडीच मारली. जोडलेला तुकडा घेऊन शेडभर फिरले, लेथवाल्यांना दाखवला, चहावाल्याला पण दाखवला. त्याला काही कळलं न्हाय, तरी त्यानं चहा जरा जास्त ओतला.

हे सगळं मी टाकाऊ, काळपटलेल्या तुकड्यांवर करत होते. निपाणीच्या तीस पट्ट्या डब्यात तशाच ठेवलत्या, दसरा झाल्यावर शांतपणे करू म्हणून. बुधवारी खंडेनवमी, गुरुवारी दसरा, शुक्रवारी काम, शनिवारी निपाणी, सोमवारी पुण्याला उत्तर. मी हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलतं.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीन चालवत न्हाईत. सकाळी घरी लूमची पूजा असते, म्हणून मी शेडवर अकराला पोचले. लेथ केरोसिननं पुसून लखलखीत, ड्रिलला झेंडूची माळ, पान्यांचा ढीग हळद-कुंकू लावून पाटावर. आणि लेसरसमोर केळीचं पान, आणि त्या पानावर माझ्या तीस पट्ट्या पंख्यासारख्या मांडलेल्या. अशा चमकत होत्या, असं वाटलं आतनं दिवे लावलेत. वरच्या पट्टीला कुंकवाचं बोट.

आप्पांनी सकाळी सातला येऊन, चिंच आणि मीठ घेऊन, एक एक पट्टी घासलती. मग धुऊन, पुसून, परत कोरड्या राखेनं घासलती. आप्पांचं तांब्याचं काम असंच सुरू होतं. ब्रेझिंगला तांबं तोंड दिसण्याएवढं स्वच्छ लागतं, न्हायतर काडी धरतच न्हाय. नव्या माणसाला ते पहिले आठ दिवस नुसतं घासायला लावतात, ज्वाळेजवळ येऊ देत न्हाईत. मला त्यांनी कधी घासायला लावलं नव्हतं, कारण मी त्यांच्या कोपऱ्यातली नव्हते. आणि त्या दिवशी माझ्या कामाचं तांबं त्यांनी स्वतः घासून दिलतं.

मला किती बरं वाटलं ते सांगता येत न्हाय. मी त्या पानाचा फोटो काढला, स्टेटसला ठेवला, पुण्याच्या तिघींना पाठवला. खाली लिहिलं, आमच्याकडं मशीनला पण नवे कपडे असतात. इतके दिवस मी तांब्याच्या चमकीबद्दल जगाला सांगत होते, आणि चमकणारं तांबं समोर आलं तर मला काहीच सुचलं न्हाय. आप्पांनी पट्ट्या कोरड्या धोतराच्या कापडात गुंडाळून परत डब्यात ठेवल्या, हवा लागून काळ्या पडू नयेत म्हणून.

शुक्रवारी सकाळी पहिली जोडी बसवली. पात्याची बोटं दाबली, लेसरचा चष्मा लावला, आर्गॉन सोडला, बटण दाबलं. मशीननं एक लांब शिट्टी मारली आणि बंद पडलं. पडद्यावर लाल अक्षरं. पट्टीवर काहीच न्हाय, ठिपका पण न्हाय. परत चालू केलं, परत दाबलं. परत शिट्टी, परत लाल. लेथ थांबले. शेडमध्ये लेथ थांबले की जी शांतता होते ती मला आवडत न्हाय. अण्णा माझ्या मागं येऊन उभे राहिले. मशीन आमचं न्हाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी कंपनीच्या सर्व्हिस इंजिनियरला फोन लावला. तो बेंगळुरूचा, कन्नडमध्ये बोलणारा, शांत माणूस. आधी म्हणाला, अजिबात परत बटण दाबू नका. लाल अक्षरं वाचून दाखवायला सांगितली. मग विचारलं, तांब्यात तोंड दिसतंय का? मी वाकून बघितलं. माझं तोंड दिसत होतं, चष्म्यासकट. मग विचारलं, गन सरळ उभी हाय का? मी म्हटलं, हाय.  मग सांगितलं की सरळ उभ्या गनखाली तुम्ही आरसा ठेवलाय. लेसर त्याच्यावर आपटून आल्या वाटेनं परत त्याच केबलमध्ये शिरला, उलटा, थेट मशीनच्या पोटापर्यंत. मशीन हुशार म्हणून स्वतःहून बंद झालं. अर्धा तास बंद ठेवा, मग चालू करून बघा. चालू झालं तर तुमचं नशीब.

फोन स्पीकरवर होता. अण्णांना कन्नड माझ्यापेक्षा चांगलं येतं. ते डब्याकडं बघून म्हणाले, "घासल्या कुणी ह्या?"

आप्पा तिथंच होते, आपल्या कोपऱ्यात, हातात गॅसची टॉर्च, पण पेटवलेली नव्हती. त्यांना कन्नड येतं, त्यांनी सगळं ऐकलतं.

"मी," मी म्हटलं.

आता वाटतं ते खोटं होतं, पण पूर्ण खोटं पण नव्हतं. गन मीच सरळ ठेवलती. आणि पट्ट्या पानावर बघून नाचलेली पण मीच. अण्णा हूं म्हणाले आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. आप्पांनी टॉर्च खाली ठेवली आणि ते पण बाहेर गेले.

त्या अर्ध्या तासात मी मशीनसमोर स्टुलावर बसून होते. पलंगाखालची बॅग डोळ्यासमोर येत होती. दारातनं मला दोघांची पाठ दिसत होती. आप्पा म्हणाले, "अण्णा, पट्ट्या म्या घासल्यात. पोरीचं नाव धरू नका."

अण्णांनी वर न बघताच सांगितलं, "मला ठावं हाय. हिची आई म्हणती, हिच्यानं घरातली भांडी धड घासून हुईत न्हाईत. ती तीस पट्ट्या कवा घासणार?"

आतले सगळे हसले. लेथ परत सुरू झाले. मला रडायला येत होतं आणि हसायला पण. आप्पा आत आले, माझ्यासमोर खाली बसले, डबा पुढ्यात ओढला. म्हणाले, "जल्म गेला तांबं घासण्यात. न घासता जोडायचं असतंय, हे मला कुणी सांगितलंच न्हाय गं."

मी म्हटलं, "मला तर गन तिरकी धरायला सांगितलतं, आप्पा. मी ऐकलं न्हाय."

"मग दोघं पण शाणी," ते म्हणाले.

अर्धा तास झाला. अण्णांनी स्वतः मशीन चालू केलं. पंखा फिरला, पडदा लागला, हिरवा.  अण्णा सिगारेट सोडलेली माणसं करतात तसं बोटांत नुसतंच काहीतरी फिरवत निघून गेले.

मग आम्ही दोघांनी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि आप्पांनी खंडेनवमीला सकाळी सातपासून आणलेली चमक घालवायला बसलो. लई वाईट वाटतं असं काम करताना. एक एक पट्टी, आडवी, मग उभी, तोंड दिसेनासं होईपर्यंत. चिंचेचा अंश राहिला तर जोडात बुडबुडे धरतात, म्हणून परत पुसून घेतल्या. आप्पांनी गनच्या खाली एक पाचर ठोकली, ती तिरकी केली, आणि डोळा बारीक करून म्हणाले, टॉर्च पण अशीच धरतात, सरळ उभी धरली तर ज्वाळ आपल्याच तोंडावर येती. दहा दिवस माझ्या समोर एक माणूस रोज तिरकी टॉर्च धरून काम करत होता आणि मी मोबाईलमध्ये उत्तर शोधत होते.

पहिला जोड बसला. दुसरा बसला. चष्म्यातनं आप्पांना काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी तो काढून ठेवला, लेसरच्या आडोशाला लावलेल्या पडद्यामागं माझ्याकडं पाठ करून बसले आणि डोळे मिटले. मला वाटलं दमले. पाचव्या जोडाला म्हणाले, "हा बरा न्हाय." मी विचारलं, कशावरनं? म्हणाले, आवाज. चांगला जोड सर्र करून एका दमात जातो, गरम तव्यावर पाण्याचा हात फिरवल्यासारखा. हा मधे तुटला. फुर्र, मग टक, मग परत फुर्र. मी परत ऐकलं, मला काही फरक कळला न्हाय. त्यांनी खडू मागून घेतला आणि त्या जोडीवर एक फुली मारली. तीस जोड होईपर्यंत तीन फुल्या झाल्या. नंतर मी शोधून बघितलं तर मोठ्या कारखान्यांत ह्याच कामासाठी लेसरच्या शेजारी मायक्रोफोन लावतात, जोडाचा आवाज ऐकून चांगला-वाईट ओळखायला. मी ते आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, मायक्रोफोनला चहा लागतो का?

शनिवारी सकाळच्या बसनं मी एकटी निपाणीला गेले. तीस जोड्या डब्यात, डबा मांडीवर. अण्णा म्हणालते, तूच केलंस, तूच दाखव. बॅटरीवाल्यांचा कारखाना जुन्या तंबाखूच्या वखारीत हाय. आत सगळं नवं, पांढरी टेबलं, निळे हातमोजे, पण भिंतीतनं तंबाखूचा वास काही गेला न्हाय. मी आत पाऊल टाकलं आणि तीन वेळा शिंकले. शेजारच्या कट्ट्यावर बायका विड्या वळत बसलत्या. त्यातली एक आक्का हात न थांबवता म्हणाली, नवी हाय व्हय, आठ दिवसांत सवय होती. मला ते शुभ वाटलं, खरंच.

बॅटरीवाले माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठे असतील. डबा उघडून त्यांनी आधी खडूच्या फुल्या बघितल्या आणि विचारलं हे काय. मी सांगितलं, हे तीन आमच्या मिस्त्रींनी कानानं नापास केलेत. त्या पुसून टाकाव्यात असं बसमध्ये एकदा मनात आलतं, खोटं कशाला बोलू. तीसच्या तीस पास म्हणून दाखवले असते तर किती छान दिसलं असतं. पण आप्पांनी त्या दिवशी बाकड्यापाशी जाऊन जे केलं ते बघून फुल्या पुसायला हात झाला न्हाय.

ते हसले आणि त्यांनी फुलीवालाच पहिला घेतला. जाड पट्टी व्हाइसच्या जबड्यात धरली, पातळ पट्टीला पक्कड लावली, ओढली. टप करून सुटली. दुसरी फुली, टप. तिसरी सुटली न्हाय, पट्टी फाटली. म्हणजे आप्पा एकदा चुकले. मग बिनफुलीच्या घेतल्या. एक, दोन, तीन, चार, पट्टी फाटत होती आणि जोडाच्या जागी तांब्याचा तुकडा जाड पट्टीला धरून राहत होता.  सातव्याला परत टप.

त्यांनी पक्कड खाली ठेवली. सुटलेला जोड उजेडात धरला, मला दाखवला. एका बाजूला फट राहिलती, पात्याचं बोट नीट दाबलं गेलं नव्हतं. ती माझी चूक, मी तशी सांगितली. त्यांनी आणखी तीन ओढून बघितल्या, तिन्ही फाटल्या. मग खुर्चीत बसले. बाहेर बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणाच्यातरी लग्नात वरण खारट झालतं त्याच्यावर.

शेवटी म्हणाले, "पातळ पट्ट्यांचं काम देतो तुम्हाला. थोडं थोडं देतो, एकदम न्हाय. पण तुमच्या मिस्त्रींनी ऐकलेलेच जोड पाठवायचे. न ऐकलेला एक पण नको."

जाड पट्टीला जाड पट्टी जोडायचं काम पण त्यांच्याकडं होतं. ते ह्या मशीननं होणार न्हाय, हे मीच सांगितलं. त्याला निळा लेसर पाहिजे, किंवा आतला ठिपका आणि बाहेरची कडी असे दोन्ही उजेड एकदम देणारा नवीन प्रकार. ते म्हणाले, ते कधी येईल तेव्हा येईल, तोवर काय? मी म्हटलं, तोवर आमच्याकडं ज्वाळ हाय. तो माल मी त्याच डब्यात घालून घेऊन आले, आप्पांसाठी, आणि माझ्यासाठी पातळ पट्ट्यांचा एक नवा डबा.

निपाणीच्या स्टँडवरनं मी अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं, फुल्या, सातवा जोड, फट, सगळं, एका दमात.  मग म्हणाले, "मग मशीन न्यायला आलेल्या गाडीला नको म्हणून सांगतो." आणि थोडं थांबून, "सोमवारी आठला ये. तुझं आठ म्हणजे साडेआठ, ते आता बंद."

कोल्हापूरची बस आली, गेली. बेळगावची यायला वेळ होता. मी तिथंच बाकड्यावर बसून चाकणच्या कंपनीला मेल लिहिला. चार ओळींचा, आभार मानून. सोमवारपर्यंत थांबायची गरज नव्हती.

सोमवारी आठला पाच कमी असताना मी शेडवर होते. आप्पा माझ्या आधी आलते. जाड पट्ट्या त्यांनी आपल्या कोपऱ्यात नेल्या, चिंच भिजत घातलती. पातळ पट्ट्यांचा नवा डबा मात्र माझ्या टेबलावर तसाच बंद. त्यांनी तो उघडला पण नव्हता. मला बघून लांबनंच विचारलं, "ह्यास्नी हात लावू का नको?"

मी म्हटलं, लावा की, पण चिंचेचा नको. पॉलिश पेपर दिला. ते पडद्यामागं आपल्या स्टुलावर बसून घासायला लागले, आडवं, मग उभं, आणि मी मशीन चालू केलं.

घरी ती बॅग अजून पलंगाखालीच हाय. आई तिच्यात आता लूमच्या रिकाम्या कांड्या ठेवती.